तळहातावरचे जस्त

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या महिन्यात कहकशाँ शेख हिला सरावासाठी दिलेल्या एका सदऱ्यावर हिरवा सुती धागा सापडला. तिने त्याचे वर्णन दीड पानभर लिहिले. धाग्याची जाडी, पीळ, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी वळलेल्या फितीसारखी रचना, रंगाची छटा, सारे त्यात होते. प्रशिक्षिकेने ते पान शेवटपर्यंत वाचले आणि कहकशाँच्या खांद्यावरच्या हिरव्या ओढणीकडे पाहिले. त्या दिवसापासून कहकशाँ ओढणी दाराबाहेरच्या खुंटीला अडकवून मगच प्रयोगशाळेत पाऊल टाकते. स्वतःच्या प्रत्येक कपड्याचा धागा, स्वतःचे केस, टेबल पुसायच्या फडक्याचे तंतू तिने काचपट्ट्यांवर बसवून एका लाकडी पेटीत ठेवले आहेत. पेटीवर 'मी' एवढेच लिहिले आहे.

ती ज्या न्यायसहायक प्रयोगशाळेत काम करते तिथे जंगलपट्टीच्या दोन जिल्ह्यांतून सीलबंद पार्सले येतात. कुणाच्या कपड्यावरची माती, अपघातग्रस्त मोटारसायकलीवरचा रंगाचा टवका, जळालेल्या गोठ्यातली राख, नखांखालचा मळ. हे कण कशाचे आहेत आणि कुठून आले असू शकतात हे रसायनांच्या व उपकरणांच्या साह्याने सांगणे हे तिचे काम. कोणी काय केले हे सांगणे तिचे काम नाही, आणि ही सीमा पाळणे हाच या विद्येचा सर्वांत अवघड भाग आहे असे तिच्या प्रशिक्षणकाळात तिला वारंवार ऐकावे लागले.

तिचे वडील कय्यूम घुग्घुसला ट्रकच्या बॉड्या रंगवतात. कोळसा आणि सिमेंट वाहणाऱ्या गाड्यांच्या त्या गावात ताज्या रंगावर धूळ बसू न देणे ही रंग देण्याहून मोठी कला मानली जाते. कय्यूमभाई ओल्या गोणपाटांचे पडदे लावून काम करत. शाळेतून आल्यावर कहकशाँने घासलेल्या पत्र्यावरून बोट फिरवायचे आणि बोटाला काय लागले ते सांगायचे, असा त्यांच्या घरचा शिरस्ता होता. कोळशाची धूळ मऊ लागते, सिमेंटची खरखरीत, आणि औष्णिक केंद्राची राख बोटावरून घरंगळते. पुढे राखेचे ते गोल गोल मणी तिने सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिले तेव्हा तिला नवल वाटले नाही.

चंद्रपुरात पदवी, नागपुरात पदव्युत्तर शिक्षण, मग निवड आणि वर्षभराचे प्रशिक्षण. या वर्षात अहवालावर सही करता येत नाही. पहिला महिना कागदाची पुडी बांधण्यात गेला, कारण चिमूटभर पूड एका पुडीतून दुसरीत जाताना एक कणही कोपऱ्यात अडकता कामा नये. पुढे आंधळ्या चाचण्या सुरू झाल्या. प्रशिक्षिका सकाळी कशात काय आहे ते न सांगता बारा कुप्या टेबलावर ठेवी. त्यांतल्या काहींत नुसते पाणी असे, आणि 'काही आढळले नाही' हे लिहायला माणूस किती कचरतो हे त्या कुप्या दाखवून देत. शेवटच्या महिन्यात एका रिकाम्या खोलीत खुर्ची ठेवून साक्षीचा सराव झाला. 'मला माहीत नाही' हे वाक्य डोळे न चुकवता म्हणता येईपर्यंत तिला त्या खुर्चीवरून उठू दिले गेले नाही.

नोकरीत रुजू झाल्यावर तिने स्वतःच्या हौसेने एक कपाट उभे केले. रविवारी मिळेल त्या बसने ती फिरे आणि त्या त्या जागेची धूळ पुडीत बांधून आणी. घुग्घुसच्या रस्त्याची काळी धूळ, एटापल्लीकडची लोहखनिजाची तांबडी माती, वडशाच्या राइसमिलच्या छपरावरची तुसाची भुकटी. हिवाळ्यात वडशाला नाटकमंडळ्यांचा हंगाम असतो, तेव्हा एका मेकअपवाल्याकडून तिने चेहऱ्याला लावायच्या पाच रंगपावडरी मागून आणल्या. चौकशीत अडकलेल्या कणाशी ताडून पाहण्यासाठी आपल्या मुलखाचा असा संग्रह जवळ असावा हा विचार तिच्या वरिष्ठांनाही सुचला नव्हता. दोन वर्षांत तिच्याकडे तीनशे चाळीस पुड्या झाल्या. धानाच्या बांधीतली, म्हणजे भाताच्या खाचरातली, मात्र एकही नव्हती. तिथे बस थांबत नाही, आणि शेतात पाय ठेवण्याचा प्रसंग तिच्या आयुष्यात आलेला नव्हता.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सिंदेवाहीच्या पलीकडच्या एका गावात बुधू नावाचा पस्तिशीतला शेतकरी विजेच्या धक्क्याने मेला. त्याचे प्रेत धुऱ्यावर, म्हणजे त्याच्या आणि शेजारच्या नथ्थूच्या शेतांमधल्या बांधावर सापडले. नथ्थूच्या शेताभोवती रानडुकरांसाठी झटक्याच्या जस्तलेपित लोखंडी तारेचे कुंपण होते. सौर यंत्रावर चालणारी ही तार चिमटा काढल्यासारखा झटका देते, जीव घेत नाही. पण काही शेतकरी रात्री याच तारेला थेट घरगुती वीज जोडतात आणि त्यात जनावरांबरोबर माणसेही मरतात. नथ्थूनेही तसेच केले असावे असा संशय घेऊन तपास अधिकारी राजदीप यांनी त्याला अटक केली. प्रेताच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा लांबट डाग होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी त्या डागाची कातडी आणि तुलनेसाठी दंडावरच्या निरोगी कातडीचा तुकडा पाठवला. सोबतच्या राजदीप यांच्या पत्रात एकच प्रश्न होता: डागावर जस्तलेपित लोखंडी तारेचे अंश आढळतात काय?

विजेच्या ठिणगीत तारेच्या धातूचा सूक्ष्म अंश वितळून कातडीत शिरतो. तो ओळखण्याची एक जुनी, साधी रीत आहे. सौम्य आम्लात भिजवलेला गाळणकागद डागावर दाबून धरायचा, मग त्या कागदावर वेगवेगळ्या धातूंसाठी वेगवेगळी अभिकर्मके, म्हणजे रंग उमटवणारी रसायने, टाकायची आणि रंग पाहायचा. जस्ताचा जांभळट लाल, लोखंडाचा निळा. कहकशाँने कातडीचा अर्धा तुकडा नियमाप्रमाणे राखून ठेवला आणि अर्ध्यावर काम केले. जस्ताचा रंग ठळक उमटला. लोखंडाचा निळा फिकट होता, पण लोखंड रक्तातही असते, मातीतही असते, म्हणून तिने त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. दंडाच्या कातडीवर जस्त नव्हते. उपकरणानेही तेच सांगितले. तिने अहवालात लिहिले की डागावर जस्त आढळले, तुलनेच्या नमुन्यात आढळले नाही, आणि ही गोष्ट जस्तलेपित तारेच्या स्पर्शाशी सुसंगत आहे. विजेच्या मृत्यूंबाबत स्वतंत्रपणे सही केलेला तिचा तो अकरावा अहवाल. त्याच्या बळावर नथ्थूचा जामीन फेटाळला गेला.

तीन आठवडे लोटले. प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचे काम पत्रूभाऊ करतात. निवृत्तीला दोन वर्षे उरलेले हे गृहस्थ नागभीडकडच्या एका धानकरी गावातले. सोमवारी ते उशिरा आले आणि कारण सांगू लागले, की धाकट्या भावाला दवाखान्यात न्यावे लागले. हाताची सालटे निघाली होती. कहकशाँने विचारले कशाने. ते म्हणाले, "झिंकानं. बांधीत झिंक फेकून राह्यला होता तीन दिवस. हातमोजे घाल म्हनलं तं हासते."

तिने विचारले, झिंक म्हणजे काय. पत्रूभाऊंनी हातातला चंबू खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिले.

"तुमी कोळशाच्या गावचे लोकं, मॅडम. तुमाले धान म्हनजे ताटात दिसते थोच मालूम. धानाले खैऱ्या रोग येते. पानं तांबडे पडतेत. मंग झिंकाची पिशवी आनाची, रेतीत नाई तं युरियात कालवाची, दुपट्ट्याची ओटी करून कमरेले बांधाची आन् उजव्या हातानं फेकत चालाचं. आमच्या गावात बारकं पोट्टंही सांगन तुमाले."

"सगळेच फेकतात?"

"ऑगस्टात ज्याच्या हाताले झिंक नाई, थो धान करतच नसन."

झिंक म्हणजे झिंक सल्फेट, जस्ताचे क्षार. बुधू धान करणारा होता. उजव्या तळहातावर जस्त होते आणि दंडावर नव्हते, कारण दंडाने कोणी खत फेकत नाही. तुलनेचा नमुना घेतला होता, पण तो ज्या जागेचा असायला हवा होता त्या जागेचा नव्हता. त्याहून मोठी चूक दुसरी होती, आणि ती पूर्णपणे तिची होती. पत्रात जस्त विचारले होते, म्हणून तिने जस्त शोधले. दुसरा कोणता धातू तिथे आहे का, हा प्रश्न तिने कातडीला विचारलाच नव्हता.

राखून ठेवलेला अर्धा तुकडा तिने त्याच दिवशी कायदेशीर नोंद करून बाहेर काढला. या वेळी तिने त्याचाही चौथा भाग राखून ठेवला, पत्र बाजूला सारले आणि विजेच्या तारेत असू शकणाऱ्या सर्व धातूंसाठी कागद लावले. तांबे नाही. लोखंड फिकट. जस्त सर्वत्र, डागावर आणि डागाच्या कडेच्या न भाजलेल्या कातडीवरही जवळजवळ सारखेच. ॲल्युमिनियमचा कागद मात्र लाल झाला, आणि ती लाली बरोबर डागाच्या आकाराची होती, लांबट, एका टोकाला निमुळती. नथ्थूच्या कुंपणात ॲल्युमिनियमची तार नव्हती. मोटारपंपाला खांबावरून जी वायर ओढतात तिच्यात असते.

इथे एक सोपी वाट उपलब्ध होती, आणि ती बेकायदा नव्हती. तिचे वरिष्ठ सज्जन आणि अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांनी तिला बसवून समजावले की पहिल्या अहवालात खोटे काहीच नाही. जस्त विचारले, जस्त होते. 'सुसंगत' म्हणजे 'सिद्ध' नव्हे. न्यायालयाने फेरतपासणी मागितली तर करता येईल. आपण होऊन दुसरा अहवाल पाठवला तर यापुढच्या प्रत्येक खटल्यात वकील हाच पहिला प्रश्न विचारतील की बाई, तुमचा मागे एकदा अहवाल चुकला होता ना. निर्णय त्यांनी तिच्यावर सोडला, आणि हेही सांगितले की तिने पाठवायचे ठरवले तर ते अडवणार नाहीत.

शनिवारी ती घुग्घुसला गेली. कय्यूमभाई ऐकून घाबरले. मोहल्ल्यातल्या मुलींत सरकारी नोकरी मिळवणारी ती पहिली होती. नावावर डाग घेऊन पुढे तीस वर्षे कशी काढणार, असे ते पुनःपुन्हा म्हणाले आणि गप्प राहण्याचा सल्ला त्यांनी मनापासून दिला. आई रशिदा तांदूळ निवडत बसली होती. तिने एवढेच विचारले की तो माणूस अजून आतच आहे का. कहकशाँ हो म्हणाली. रविवारचा मुक्काम न करता ती दुपारच्या गाडीने परत आली.

सोमवारी तिने राजदीप यांना पत्र लिहून तीन वस्तू मागितल्या: मृताचे जप्त कपडे, कुंपणाच्या तारेचा तुकडा, आणि मृताच्या मोटारपंपाच्या वायरचा तुकडा. कपडे पोलीस ठाण्यात सीलबंद पडून होते. ते पाठवावेत असे कोणाला वाटले नव्हते, कारण प्रश्न हाताचा होता. पार्सले घेऊन राजदीप स्वतः आले. ते रागावलेले होते, आणि ते स्वाभाविक होते.

"मॅडम, तुमच्याच कागदावर आमी केस उभी केली. आता तुमीच खालून वीट काढून राह्यले?"

तिने त्यांना दोन्ही कागद दाखवले, जांभळट आणि लाल. लाल ठशाच्या शेजारी तिने शवविच्छेदनाच्या वेळचे डागाचे छायाचित्र ठेवले. राजदीप यांनी ठसा आणि छायाचित्र आलटूनपालटून पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "दोन वर्षांत माह्या हद्दीत तिघं गेले असे, कुंपनाच्या डायरेक करंटनं. म्हून मले दुसरी शंकाच नाई आली."

"मलाही नाही आली," कहकशाँ म्हणाली.

कपड्यांत निळा दुपट्टा होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या गाठीच्या घडीत रेतीचे कण आणि त्यांना चिकटलेले पांढरे स्फटिक दिसले. स्फटिक पाण्यात विरघळवून तिने दोन गोष्टी तपासल्या. जस्त होते, आणि गंधकाम्लाचे क्षार, म्हणजे सल्फेटही, होते. तारेवरच्या लेपात नुसता धातू असतो, हे क्षार नसतात. म्हणजे हे जस्त तारेचे नव्हते, पिशवीतले होते. शंकेला जागा नको म्हणून तिने पत्रूभाऊंना गावाकडून झिंकाची मूठभर पूड आणि न फेकलेल्या बांधीची माती आणायला सांगितले आणि ती शेजारी ठेवून पुन्हा तपासले. वायरच्या तुकड्यावर एके ठिकाणी वरचे आवरण निघालेले आणि नुसताच पीळ दिलेला सांधा होता. त्याच्या पिळाची रुंदी आणि तळहातावरच्या डागाची रुंदी जुळत होती. बुधूच्या मोटारीची वायर बांबूंवरून धुऱ्यालगत गेलेली होती. ओल्या पायांनी उभे राहून त्याने तो लोंबता सांधा हाताने वर उचलला असावा. हे शेवटचे वाक्य कहकशाँने अहवालात लिहिले नाही. ते तिचे काम नव्हते.

तिने जे लिहिले ते सहा पानांचे होते, आणि त्याचा पहिला परिच्छेद या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. 'माझ्या पूर्वीच्या अहवालातील निष्कर्ष अपुऱ्या तपासणीवर आधारलेला होता. मी फक्त विचारलेल्या धातूचा शोध घेतला. मृत व्यक्तीच्या व्यवसायामुळे तळहातावर जस्त असू शकते ही शक्यता मी विचारात घेतली नाही. तो निष्कर्ष मी मागे घेत आहे.' अशा वाक्यांत कर्ता गाळून टाकण्याची सोय भाषेत असते आणि सरकारी मराठीला ती फार प्रिय आहे. कहकशाँने तीनदा 'मी' लिहिले.

दोन अहवाल परस्परविरोधी असल्याने सत्र न्यायालयाने तिला खुलाशासाठी बोलावले. डिसेंबर उजाडला होता. नथ्थू तिने त्या दिवशी प्रथम पाहिला. साठीकडे झुकलेला, कानटोपी हातात चुरगाळत उभा असलेला माणूस. सरकारी वकिलांनी तिला अपेक्षित तोच प्रश्न विचारला: पहिल्या वेळी चूक कोणाची होती? ती म्हणाली, माझी. वकिलांनी विचारले की मग दुसऱ्या वेळीही चूक झाली नसेल कशावरून. तिने डोळे न चुकवता सांगितले की आपण पुन्हा चुकू शकतो, म्हणूनच राखलेल्या तुकड्याचा चौथा भाग अजून शिल्लक ठेवला आहे, आणि तो दुसऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेकडे पाठवावा अशी आपलीच विनंती आहे. न्यायालयाने तो पाठवला. पंधरा दिवसांत तिथूनही ॲल्युमिनियम हेच उत्तर आले, आणि नथ्थू जामिनावर सुटला. पुढे पोलिसांनीच त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे न्यायालयाला कळवले.

जामिनाच्या दिवशी कहकशाँ दुसऱ्याच एका खटल्याच्या साक्षीसाठी न्यायालयात आलेली होती. ओसरीत एक बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. ती नथ्थूची बायको कमळा.

"तुमीच का त्या झिंकवाल्या बाई?"

कहकशाँ हो म्हणाली. आभार येतील असे तिच्या मनात क्षणभर आले असावे, हे तिने नंतर हसत कबूल केले.

"तुमच्या पयल्या कागदानं माहा मानूस चार महिने आत बसला," कमळाबाई म्हणाल्या. "धान मी एकलीनं कापलं. बुधूची बायको धुऱ्यावर मले पाहून थुंके. लेकीले सासरचे म्हनत, तुया बापानं मानूस मारला."

कहकशाँने बचाव केला नाही. दुसऱ्या अहवालाचा उल्लेखही केला नाही. तिने म्हटले, "हो बाई. माझ्याच कागदानं."

समोरच्याने मान्य केल्यावर पुढे काय बोलायचे हे कमळाबाईंनी ठरवून आणलेले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "मले इचारलं असतं तं मी पयल्याच दिवशी सांगतलं असतं. आमच्याच घरून नेली होती बुधूनं झिंकाची अर्धी पिशवी. कोनाले आत टाकाच्या पयले, मेलेल्याचे हात त्या दिवशी कायले कायले लागले होते, हे कोनी तरी घरच्याईले, शेजाऱ्याईले इचारत जा." एवढे बोलून त्या नथ्थूच्या सुटकेचे कागद कुठे मिळतात हे विचारायला खिडकीकडे वळल्या.

कहकशाँने ते वाक्य ओसरीतच वहीत उतरवून घेतले. जानेवारीपासून त्या प्रयोगशाळेत विजेच्या मृत्यूचे कोणतेही पार्सल सोबत एकपानी मराठी प्रश्नपत्रक जोडल्याशिवाय स्वीकारले जात नाही. वरिष्ठांनी त्यात तांत्रिक स्वरूपाच्या सात प्रश्नांची भर घातली आहे. पोलीस ठाण्यांतून तक्रारी येतात की एवढी चौकशी करायला गावात पुन्हा जावे लागते. ती त्यांना सांगते की जावे. प्रश्नपत्रकातला पहिला प्रश्न कमळाबाईंचा आहे, आणि प्रमाण भाषेत आणताना त्यातल्या 'कायले कायले'चा 'कशाकशाला' हा शब्द तिने कोणालाही कापू दिलेला नाही.